जावयाचं हत्यार

माझ्या सासऱ्यांना लाज हा प्रकार जन्मतःच नव्हता, आणि त्यांच्या वाट्याची सगळी लाज लग्नातल्या मानपानाऐवजी माझ्या अंगावर घालण्यात आली, असं माझं ठाम मत आहे. पोशीरला त्यांची भाताची गिरणी होती. जन्मभर इंजिनाच्या धडधडाटावर आवाज चढवून बोलल्यामुळे त्यांच्या गळ्यात एकच पट्टी उरली होती, आणि गिरणी बंद असली तरी ती उतरत नसे. कानात सांगायची गोष्टसुद्धा ते दोन शेतं पलीकडे ऐकू जाईल अशी सांगत. भुवयांवर बारा महिने कोंडा, सदऱ्याच्या खिशात मूठभर तांदूळ, आणि समोर येईल त्या वस्तूला दोनच प्रश्न: खाते किती आणि ओढते किती? आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी हातातल्या अक्षतांतले चार दाणे तोंडात टाकले, चावले, आणि कुंकवाने लाल झालेल्या ओठांनी अख्ख्या मांडवाला सांगितलं, "तांदूळ जुना हाय, पन तुकडा लई!" तांदूळ आमच्याकडचा होता. माझे वडील अंतरपाटामागे ज्या रंगाचे झाले तो रंग मी पुढे कित्येकदा स्वतःच्या चेहऱ्यावर अनुभवला.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त लाजवलं ती सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला माझ्या आखातातल्या भावाने मला एक घरगुती काँप्युटर आणून दिला. काँप्युटर म्हणजे काय, तर टाइपरायटरसारखी बटणं असलेली एक काळी पट्टी. ती टीव्हीला जोडायची, शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा, त्यात खेळाची कॅसेट घालायची. मग ती कॅसेट बराच वेळ किंचाळायची आणि शेवटी पडद्यावर एक बोटभर माणूस उगवायचा. त्याला उड्या मारायला लावून खड्ड्यांतून वाचवायचं, हा खेळ. मी डोंबिवलीत राहणारा, सरकारी कचेरीत टेबल असलेला, चष्मा लागलेला गृहस्थ. पण त्या बोटभर माणसापायी मी जेवणाचं ताट थंड होऊ देत असे. कचेरीत कुणाला हे कळू नये म्हणून मी "घरी थोडं काँप्युटरचं शिकतोय" असं सांगत असे आणि लोक माझ्याकडे आदराने बघत.

एकदा मेहुण्यांना दाखवायचं निमित्त करून मी ते सगळं लटांबर पोशीरला नेलं. कॅसेट किंचाळून झाली, माणूस उगवला, त्याने दोन उड्या मारल्या आणि लाईट गेली. लाईट आली, पुन्हा कॅसेट, पुन्हा माणूस, पुन्हा अंधार. तिसऱ्या वेळेला मी वायरी गुंडाळल्या. निघताना सासरे म्हणाले, "ऱ्हावा की चार दिस. सुमीला बी बरं वाटंल." सुमी म्हणजे माझी बायको सुमन. सासूबाई गेल्यापासून त्या घरात दादा, म्हणजे सासरे, एकटेच. मेहुणे नेरळला राहायला गेलेले, त्या दिवसापुरते आलेले. सुमनची नजर माझ्यावरच होती. पण मला डास आवडत नाहीत, न्हाणीघराला कडी नसली की मी अस्वस्थ होतो, आणि गिरणीच्या आवाजात मला वाचता येत नाही. हे सासऱ्याला कसं सांगणार? मी म्हणालो, "राहिलो असतो हो दादा, पण इथल्या लाईटचं काही खरं नाही." माणूस निरोप घेताना काहीतरी म्हणतो, तसं म्हटलं. पण त्यांना वाटलं, जावयाने मागणं मागितलं. लाईटची सोय झाली की लेक चार दिवस राहणार, हा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का बसला आणि त्यांनी कंबर कसली.

पंधरवड्यात ते न कळवता डोंबिवलीला हजर. चहासुद्धा न घेता म्हणाले, "खेळा." मी म्हटलं, आत्ता? "आत्ता. किती खातो ते बघू द्या मला." मग मी खेळलो आणि ते गुडघ्यावर बसून, वासराला ताप आहे का बघावं तसा, काँप्युटरच्या अडॅप्टरवर पालथा हात ठेवून राहिले. "कोमट हाय. जास्त खात नाय बिचारा. बरं, लाईट गेली तर ह्यो किती येळ दम धरतो?" मी सांगितलं, जराही नाही. पापणी लवायच्या आत सगळं विसरतो, पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. "अरं देवा! येवढं घसा फोडून शिकवायचं, आन् डोळा मिटला की कोरी पाटी? आमच्या शाळंतली पोरं परवडली." हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं त्या आवाजात ते जिन्यातून तळमजल्यापर्यंत गेलं. त्या दिवसापासून इमारतीत मी 'काँप्युटर शिकणारे' राहिलो नाही, 'उड्यावाले' झालो.

खरी परीक्षा पुढे होती. लाईट नसताना खेळ चालावा म्हणून त्यांनी बॅटरी घ्यायचं ठरवलं, आणि ती निवडायला मीही पाहिजे, असा त्यांचा हट्ट. "नवरदेवाबिगर सोयरीक जमत नाय." तेव्हा एका रविवारी आम्ही कुंभिवलीला, हमरस्त्याच्या कडेच्या गॅरेजांच्या रांगेत. मी आपला उगाच पंक्चरवाल्याकडे बघत उभा, जणू माझी गाडीच पंक्चर झालीय. आणि सासरे पहिल्या गॅरेजपासून शेवटच्या गॅरेजपर्यंत ऐकू जाईल असे गरजले, "आमच्या जावयाला खेळायला बॅटरी पायजे!" चाकांखाली निजलेली माणसं जावई बघायला बाहेर सरकली. गॅरेजवाला दाढी खाजवत म्हणाला, "किती वर्षांचे हायत जावई?" सासऱ्यांनी खरं वय सांगितलं. देवा, पोटात घे!

गॅरेजवाल्याने ट्रकची बॅटरी पुढे केली. "ट्रक उठतो हिच्यावर, काका. तुमचं खेळणं काय, नाचंल!" सासरे तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हिच्यात जोर हाय, दम नाय. येक धक्का देनार आन् निजनार. शर्यतीचा बैल नांगराला जुपत नायत." मला वाटलं, वा, काय अक्कल आहे! पण पुढची बॅटरी चांगली भक्कम असूनही त्यांनी नाकारली, का, तर ती अपघातातल्या गाडीतून काढलेली. "तिच्या मनात भ्या बसलं आसंल. लाईट गेली की ही बी दचकंल." तिसरी लाल रंगाची होती, लाल वस्तू कोपिष्ट असते म्हणून तीही गेली. एका दुकानात नवा कोरा इन्व्हर्टर होता. त्याला त्यांनी कान लावला आणि म्हणाले, "ह्यो सारखा गुनगुनतो. ज्याला आत्ताच येवढा कंटाळा आलाय तो रातीला काय काम करनार?" दुकानदार हात जोडून बाहेर आला. बॅटरी विकायला नाही, आम्हाला घालवायला.

असं करत करत खालापूरला त्यांना मनासारखं स्थळ मिळालं. एका लाऊडस्पीकरवाल्याची बॅटरी. गावोगावच्या भजनांना आणि पूजांना लाईट नसली की तिच्यावर कर्णा चालायचा. "रातभर भजन वढलंय हिनं. संस्कारी हाय," सासरे म्हणाले. पण नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणारा तो माणूस नव्हे. लाऊडस्पीकरवाल्याची त्या दुपारी एका घरी सत्यनारायणाची सुपारी होती. तिथे आम्ही दोघं बिनबोलावता जाऊन बसलो, आणि पोथीच्या पहिल्या अध्यायापासून आरतीपर्यंत बॅटरी दमते का ते बघत राहिलो. घरमालकाने अदबीने विचारलं, "पाव्हणे कुठले?" सासरे म्हणाले, "आमी पोथीला न्हाय आलो, बॅटरीला आलोय." तरी घरमालकाने आम्हाला प्रसाद दिला. मी तो मान खाली घालून खाल्ला आणि माझं आयुष्य इथेच संपावं अशी सत्यनारायणाला विनंती केली. त्याने ऐकली नाही.

नेरळच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने जोडणी करून दिली. दादांचा छोटा काळा-पांढरा टीव्ही बॅटरीवर चालणाराच होता, टेपरेकॉर्डर सेलवर, आणि काँप्युटरला एक वेगळी तार. म्हणजे लाईट गेली तरी बिघडायचं काही नाही, कारण लाईटवर काही नव्हतंच. मला वाटलं, सुटलो. तर निरोप आला, दसऱ्याला खेळणं घेऊन या.

दसऱ्याला त्यांच्याकडे अवजारांची पूजा. पाटावर नांगराचा फाळ, कोयते, विळे, गिरणीचा पट्टा आणि नवी बॅटरी, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. मधोमध एक जागा मोकळी. सासरे म्हणाले, "काढा तुमचं हत्यार." मी म्हटलं, दादा, ते हत्यार नाही हो. "तुमी त्याच्यावर हात चालवता नं? मंग हत्यारच." आणि माझी ती काळी पट्टी कोयता आणि विळ्याच्या मधे कुंकू लावून बसली. संध्याकाळी सोनं द्यायला सगळं गाव आलं. जो येई तो पाटाकडे बघून विचारी, ह्ये काय? एका म्हाताऱ्याने आपट्याची पानं काँप्युटरवर ठेवून मनोभावे हात जोडले आणि मला म्हणाला, "मोठं हत्यार दिसतंय. हापिसातलं का?" मी भित्रेपणाने अर्धी मान हलवली. लगेच सासऱ्यांचा आवाज चढला, "हापिसाचं कसलं! खेळायचं हाय. त्याच्यात येक बारका मानूस ऱ्हातो. त्यो उड्या मारतो आन् आमचे जावई त्याला पडू देत नायत." म्हाताऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी खरोखरच कुणाचा तरी जीव वाचवतो. मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मी सुमनला हळूच म्हटलं, शेवटची गाडी मिळेल, निघू या. तर सासरे म्हणाले, "पूजंला बसल्यालं हत्यार सकाळपावतर उठवत नायत." राहावं लागलं. सकाळी पाट उठला, बॅटरी जोडली, कॅसेट किंचाळली, माणूस उगवला. दारात कालचा म्हातारा चार माणसं घेऊन उभा. आणि नेमकी लाईट गेली. पंखा थांबला; माझा माणूस मात्र उड्या मारतोच आहे. दादा धावत परसात गेले आणि आनंदाने ओरडले, "सुमे, लाईट गेली गं! सुमे, लाईट गेली!" लाईट गेल्याचा असा आनंद मी आजवर पाहिला नव्हता. परत येऊन, धाप लागलेली असतानाच, त्यांनी मला विचारलं, "आता ऱ्हाल नं चार दिस?"

माझ्या तोंडात दुसरी सबब तयार होती. पाणी बाधतं, असं म्हणणार होतो. पण मी पाणी म्हटलं असतं तर या माणसाने विहीर खणायला घेतली असती. आम्ही चार दिवस राहिलो. सुमन वडिलांच्या गिरणीत जाऊन बसायची, दोघं त्या धडधडाटात एकमेकांशी तासन्‌तास ओरडून बोलायची. डासही चावले. मी खेळायला बसलो की दादा शेजारी येऊन बसत, आणि माणूस खड्ड्यात पडला की हळहळत. "ऱ्हाऊ द्या आता. दमला आसंल त्यो."

पुढे वर्षभर ते दर आठवड्याला बॅटरी गिरणीत नेऊन इंजिनावर भरून आणत. कुणी लग्नाकार्याला मागितली तर एकच उत्तर, "जावयाची हाय." इकडे पावसाळ्यात दमट हवेने माझ्या काँप्युटरची बटणं एकेक करून मुकी झाली. दुरुस्त करणाऱ्याने हात टेकले. सुमन म्हणाली, "दादांना कळवा." मी आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. एवढा खटाटोप केलेल्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि काँप्युटर नाही म्हटल्यावर राहण्याचं निमित्तही गेलं, असं त्यांना वाटेल, ही भीती. दसरा आला तशी मी पाच दिवसांची रजा टाकली आणि रिकाम्या हाताने पोशीरला गेलो.

पाट मांडलेला होता. फाळ, कोयते, पट्टा, लख्ख पुसलेली बॅटरी. मधोमध जागा मोकळी. "काढा हत्यार," सासरे म्हणाले. मी म्हणालो, "दादा, ते बिघडलं. पावसाळ्यातच." सुमन माझ्या मागे उभी होती. दादांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पिशवीकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज खाली आलेला ऐकला.

"म्हंजे औंदा तुमी नुसतंच आलात?"

"हो दादा. नुसतंच."

त्यांनी खिशात हात घातला, मूठभर तांदूळ काढले आणि त्या मोकळ्या जागेवर ओतले. मग कोंड्याने पांढऱ्या झालेल्या भुवया सदऱ्याच्या बाहीने उगाचच पुसत ते गिरणीकडे गेले. गिरणीतून त्यांची हाक ऐकू आली, ती बहुधा पार नेरळपर्यंत पोचली असेल, "सुमे, भात चांगला मऊ कर गं! जावई नुसतेच आल्यात!" सगळं गाव ऐकत होतं, आणि मी मान वर करून अंगणात उभा राहिलो.