बत्तीस बिटचं कोण वापरतं?

२०१६ साली मी परदेशात, माउंट रॉस्किल नावाच्या उपनगरातल्या एका छोट्या फार्मसीत फार्मासिस्ट होते. तिथला कॉम्प्युटर विंडोजवर नाही, लिनक्सवर चालायचा. यंत्र नवं, ६४ बिटचं. पण औषधांची लेबलं छापणारा प्रोग्रॅम जुना, ३२ बिटचा. त्यामुळे आत दोन्ही प्रकारच्या लायब्रऱ्या, म्हणजे प्रोग्रॅमना लागणाऱ्या तयार फाइली, एकत्र नांदत होत्या.

सिस्टम अपग्रेड करायची वेळ आली तेव्हा माझ्या नवऱ्याने आमच्या तिथल्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांना बोलावलं. त्यांना सगळे 'सर' म्हणत. त्यांनी कोणाला काय शिकवलं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी, दुकान उघडायच्या आत, सर आले. तिथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा; त्या थंडीत पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. "दहा मिनिटांचं काम. स्वीट ॲज!" म्हणाले, म्हणजे तिथल्या बोलीत 'एकदम झकास'. कुठल्याशा बाहेरच्या साइटवरून नवी पॅकेजेस घेण्याची सोय त्यांनी जोडली आणि अपग्रेड सुरू केलं. स्क्रीनवर काढून टाकायच्या पॅकेजेसची भलीमोठी यादी आली. पुढे प्रश्न : हो की नाही?

"सर, वाचायला हवं ना हे?"

"अहो, असलं कोणी वाचत नाही," म्हणत त्यांनी हो केलं. यादीत लेबलाच्या प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्या होत्या, हे मला दिसलं होतं. दिवसभर डॉक्टरांच्या चुका न लाजता दाखवणारी मी, वयाचा मान ठेवून गप्प बसले. त्याची लाज अजून वाटते.

सर चहा पिऊन गेले. नऊला दार उघडलं. लेबल छापायला गेले, तर उत्तर आलं : फाइल सापडत नाही. प्रोग्रॅमची फाइल तर समोर दिसत होती! बाहेर खोकणाऱ्यांची रांग. मी हाताने लेबलं लिहायला लागले. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेल्या आजीबाई म्हणाल्या, "छान अक्षर आहे गं तुझं, डिअर." तेवढंच सुख.

गर्दी ओसरल्यावर सरांना फोन केला.

"बत्तीस बिटचं कोण वापरतं आता?" ते हसले.

"आम्ही वापरतो. तुम्ही यायच्या आधी तेच छापत होतं."

"मग नवा प्रोग्रॅम घ्या."

मी फोन ठेवला आणि सरांनी जे केलं नव्हतं ते केलं : वाचलं. लायब्रऱ्या परत घालायला गेले तर सिस्टम नकार देई, पण कारणही सांगे. एकाच लायब्ररीच्या ६४ आणि ३२ बिटच्या प्रती तंतोतंत एकाच आवृत्तीच्या हव्यात. सरांच्या बाहेरच्या साइटने ६४ बिटची प्रत पुढची आणली होती; ३२ बिटची तिथे नव्हतीच. मी ती साइट काढली, ६४ बिटची प्रत सिस्टमच्या मूळ आवृत्तीवर आणली आणि मग ३२ बिटच्या लायब्रऱ्या घातल्या. तीनच्या सुमारास प्रिंटर कुरकुरला आणि खोकल्याच्या औषधाचं लेबल बाहेर आलं. मी एकटीच मोठ्याने हसले.

पुढच्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात सर चारचौघांत सांगत होते, "यांच्या फार्मसीची सिस्टम मीच अपग्रेड केली."

"आणि दुपारी मी ती दुरुस्त केली," मी म्हटलं.

नवऱ्याने मला कोपराने ढोसलं. सरांनी आणखी एक वडा घेतला आणि विंडोज कसं भिकार आहे ते सांगू लागले.