नवऱ्याच्या पासपोर्टावर

आमचं गॅरेज सोलापुरात हैदराबाद रोडला होतं आणि गॅरेजच्या मागे घर. दोहोंच्या मधे पत्र्याचं दार. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, "त्या दाराच्या पल्याड आपलं काय काम न्हाय. तितं डायवर लोक असत्यात." तीन वर्षांत मी ते दार ओलांडलं नव्हतं. माहेरी जायचं तर मागच्या दारानं, हे सोबत, देवळात जायचं तर सासूबाई सोबत. मला कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. तक्रार करायला जागाच नव्हती. तरी दुपारी माझी तान्ही मुलगी झोपली आणि घर शांत झालं की मला श्वास पुरायचा नाही.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती आणि उन्हं तापायला लागली होती. एका दुपारी मामंजी स्वतः त्या दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, जरा बाहेर ये. इंग्रजी बोलायचं हाय."

मी कॉलेजचं एक वर्ष केलं होतं. त्या घरात तेवढ्यावर मी इंग्रजीवाली ठरले होते. पदर सारखा करून बाहेर गेले. गॅरेजच्या अंगणात एक फिकट निळी व्हॅन उभी होती. नळदुर्गाच्या अलीकडे बंद पडलेली ती गाडी एका ट्रकवाल्यानं साखळीनं ओढत आणली होती. शेजारी एक उंच दाढीवाला गोरा माणूस, कडेवर दोन वर्षांचं पोर घेतलेली बाई, आणि पायरीवर बसलेली सहा वर्षांची मुलगी. मुलीच्या नाकावरची कातडी उन्हानं सोलपटली होती.

ते डेन्मार्कचे होते. त्यांचं इंग्रजीही माझ्यासारखंच शिकलेलं, अडखळत बोलायचं, त्यामुळे माझी भीती लवकर गेली. घरून निघून त्यांना एकोणीस महिने झाले होते. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असं करत ते इथवर आले होते. गाडीतच झोपायचं, गाडीतच शिजवायचं. आता मद्रासवरून सिलोनला जायचं, मग नेपाळ, आणि अजून दोन वर्षं तरी परतायचं नाही, असं तो माणूस हसत हसत सांगत होता.  बाईनं मला फक्त विचारलं, "पाणी कुठं मिळेल?"

मामंजींनी गिअरबॉक्स उघडून पाहिला आणि मान हलवली. आतल्या चाकांचे दात गेले होते. तो भाग सोलापुरात नव्हता, मुंबईतही मिळायची खात्री नव्हती. शेवटी ठरलं असं, की त्यानं मुंबईला जावं, तिथून आपल्या देशाला तार करावी, आणि भाग बोटीनं आला की कस्टममधून सोडवून आणावा. "आठ दिवस, फार तर पंधरा," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाठीवर पिशवी टाकून तो स्टेशनवर गेला. बाई आणि मुलं गॅरेजमागच्या खोलीत राहिली. ड्रायव्हर लोकांसाठी बांधलेली ती खोली होती. वर पत्रा, एक खिडकी, एक बाज.

पंधरा दिवस झाले. मग तार आली की भाग अजून निघालेला नाही. मग दुसरी तार, भाग बोटीवर आहे. चार आठवडे उलटले.

ते चार आठवडे माझे मात्र चांगले गेले, हे कबूल केलं पाहिजे. "त्या बाईला भाषा येत न्हाय, हिला संगं जाऊ द्या," असं मामंजीच म्हणाले, म्हणून मी भाजीला जाऊ लागले, दुकानात जाऊ लागले. दुपारी त्या तापल्या खोलीत तिच्याजवळ बसायची. ओलं फडकं दारावर टांगून आम्ही दोघी बोलत असू. तिनं सगळं जग पाहिलं होतं आणि मी सोलापूर आणि बार्शी. मी अधाशासारखी विचारायची. इराणातल्या त्या प्रसिद्ध निळ्या मशिदी कशा दिसतात?

तिनं आठवून पाहिलं. मग म्हणाली, "तिथं नळ होता तो बाजाराच्या मागे, बराच लांब. मुलाचे लंगोट धुवायला मी दिवसातनं तीनदा जायची. मशीद त्यानं पाहिली. येऊन मला सांगितली."

मी दुसऱ्या गावाचं विचारलं. तिथं मुलीचा कान फुटला होता. तिसऱ्या गावाचं विचारलं. तिथं सारखा पाऊस, गाडीत चौघं कोंडून नऊ दिवस. मग मी विचारणं सोडलं. मला तिचा रागच आला खरं तर. इतकं मिळून हिला नळ आणि कान आठवतात! मला कुणी नेलं असतं तर, असं मनात येई. तेव्हा मला वाटे, दार उघडं असलं की झालं.

तिची मुलगी मात्र आमच्याकडे रुळली. सासूबाईंच्या मागे मागे असायची. सासूबाई अक्कलकोटकडच्या, त्या अर्धी कानडी, अर्धी मराठी बोलत, त्यामुळे ती पोरगी दोन्हीची खिचडी करून बोलायला लागली. "ऊटा आयता?" असं सासूबाई जेवणाचं विचारत, की ही "व्हय की" म्हणून ठसक्यात उत्तर द्यायची. शेंगांची चटणी लावून भाकरी खायची. शेजारच्या महापालिकेच्या शाळेतल्या बाईंनी तिला पहिलीच्या वर्गात नुसतं बसू दिलं. नाव पटावर नाही, परीक्षा नाही. तरी ती घंटेच्या आधी अर्धा तास पाटी घेऊन तयार. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिनं मला विचारलं, "उद्या पण तीच जागा?"

"तीच. खिडकीजवळची."

"आणि परवा?"

"परवापण."

तिनं हे आईला तिच्या भाषेत जाऊन सांगितलं. आई ऐकून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

पाचव्या आठवड्यात धाकट्याला जुलाब सुरू झाले. दोन दिवसांत पोर वाळलेल्या भाजीसारखं झालं. टांगा करून आम्ही त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं तीन दिवस काढले. पोर वाचलं. तिसऱ्या दिवशी ते डोळे उघडून पाणी मागायला लागलं तेव्हा ती व्हरांड्यातल्या फरशीवर बसली आणि म्हणाली, "मला घरी जायचंय."

मला वाटलं, गॅरेजवर. मी टांगा बघायला उठले. तिनं माझा हात धरला. "नाही. माझ्या घरी. डेन्मार्कला."

"मग जा ना," मी म्हटलं. "मुंबईला गाडी जाते रोज."

तेव्हा तिनं मला सांगितलं. पासपोर्ट एकच होता आणि तो नवऱ्याच्या नावाचा. त्यात हिचा फोटो, हिचं नाव, दोन्ही मुलांची नावं. नवरा बरोबर असेल तरच ही सरहद्द ओलांडणार. लग्न झालं तेव्हा एकच काढला की स्वस्त पडतो म्हणून तसा काढला होता. कस्टममध्ये दाखवायला लागेल म्हणून तो पुस्तक घेऊन मुंबईला गेला होता. त्यांचं घरही भाड्यानं दिलेलं, चौथं वर्ष संपेपर्यंत. "मी त्याला दोनदा म्हटलं, परत जाऊ. तो म्हणतो, थकली आहेस, पुढच्या गावात बरं वाटेल. नेहमी पुढचं गाव असतंच."

त्यानंतर चारच दिवसांनी चौकीतला एक शिपाई आला. परदेशी माणसं महिनाभर राहिलेली त्याच्या कानावर गेलं होतं. तो काही वाईट वागला नाही. कागद दाखवा, एवढंच म्हणाला. तिच्यापाशी कागदाचा कपटा नव्हता. मी मराठीत सांगितलं, की कागद नवऱ्याजवळ आहेत, हिचं नाव त्याच्याच पुस्तकात आहे. मामंजींनी जबाबदारी घेतली, चहा पाजला, शिपाई गेला.

सासूबाई दारातून ऐकत होत्या. "म्हंजी हिचं नाव बी त्याच्याच कागदावर?" त्या म्हणाल्या. "आपल्या रेशनकार्डावानीच की. मला वाटलं, ह्या मडमा लई मोकळ्या असत्यात."

शिमग्याच्या आसपास तो परत आला. खांद्यावर लाकडी खोका, चेहरा लालबुंद, आनंदात. मुलाला उंच उडवलं, मुलीला मुंबईची बिस्किटं दिली. दोन दिवसांत मामंजींनी आणि ह्यांनी गिअरबॉक्स बसवला. गाडी अंगणात सुरू झाली तेव्हा कामाच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. उद्या सकाळी निघायचं ठरलं.

सकाळी मुलगी नेहमीसारखी पाटी घेऊन शाळेत गेली. आईनंच तिची वेणी घालून पाठवली होती. सामान भरून झाल्यावर त्यानं मुलीला हाक मारली, आणि मग मुलगी कुठं आहे म्हणून बायकोला विचारलं. ती खोलीच्या उंबऱ्यावर बसलेली होती. उठली नाही. दोघं त्यांच्या भाषेत बोलू लागली. आवाज चढले, मुख्यतः त्याचा. गॅरेजमधलं काम थांबलं. सगळे बघत उभे.

मग ती माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "तुझ्या सासऱ्यांना सांग, मला ही खोली अजून आठ दिवस पाहिजे. मी मुंबईला आमच्या वकिलातीत जाणार आहे. मला माझा वेगळा पासपोर्ट पाहिजे. तोवर मुलं इथं राहतील. तू आणि तुझ्या सासूबाई आहात."

मी मामंजींना सांगितलं. ते हात पुसत होते. पुसतच राहिले.

"नवराबायकोच्या भांडणात आपण पडायचं न्हाय," ते म्हणाले. "उद्या त्यो म्हणंल, माझी बायको पोरं ह्यांनी ठेवून घेतली. पोलीस एकदा येऊन गेलाय. सांग तिला, खोली आज रिकामी पायजे. डायवर यायचेत."

ड्रायव्हर कुणी यायचे नव्हते. मला माहीत होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. तो, ती, मामंजी, हे. तिथं दोघांचीही भाषा कळणारी मी एकटी होते. मी काहीही सांगितलं असतं तरी घटकाभर कुणाला कळलं नसतं. मामंजींना पुन्हा विनवता आलं असतं. "आठ दिवसच की हो मामंजी," एवढं तरी म्हणता आलं असतं. शब्द तोंडात आले होते. पण तीन वर्षांत मामंजी एकदा बोलले की त्यावर मी बोलले नव्हते, आणि ती सवय जिभेत इतकी मुरली होती की मी तिच्याकडे बघून म्हणाले, "खोली आज रिकामी हवी आहे. दुसरी माणसं येणार आहेत."

शब्दाला शब्द. चूक एकही नव्हती.

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग उठली आणि दोरीवरचे कपडे काढायला लागली.

शाळेतनं मुलीला आणायला मीच गेले. बाईंनी हाक मारल्यावर ती वर्गातून बाहेर आली. व्हॅन फाटकाशी दिसली तसं तिनं खिडकीचा गज धरला. रडली नाही, ओरडली नाही. नुसता गज धरून उभी राहिली. तिची बोटं मी एकेक करून सोडवली. आजही ते मला नीट सांगता येत नाही. लहान बोटं, खडूनं भरलेली, आणि त्यांत केवढी ताकद.

गाडी गेली. मामंजी म्हणाले, "बरं सांगितलंस, नीट सांगितलंस." मी आत जाऊन भाताला आधण ठेवलं.

सासूबाई दोन दिवस मामंजींशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना एकदम म्हणाल्या, "आट दिस ऱ्हायली असती तर खोली काय झिजली असती का?"

मला राग आवरला नाही. त्या घरात पहिल्यांदा मी आवाज चढवला. "मग तेव्हा का नाही बोललात?"

"मला कुणी इचारलं?" त्या म्हणाल्या. तव्यावरची भाकरी उलटली.

पत्र आलं ते पुढच्या वर्षी, संक्रांतीच्या सुमाराला. पाकीट मामंजींनी फोडलेलं होतं, वाचता येणारं मात्र घरात मीच. सगळ्यांसमोर मला मोठ्यानं मराठीत सांगायला बसवलं. ती घरी पोचली होती. मद्रासला गाडी थांबल्यावर ती दोन्ही मुलांना घेऊन वकिलातीच्या कचेरीत जाऊन बसली आणि उठायला तयार होईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला कागद करून दिले, तिच्या आईनं तिकिटाचे पैसे पाठवले. तो सिलोनला गेला आणि सहा महिन्यांनी परतला. दोघं आता वेगळी राहतात. मुलगी शाळेत जाते. धाकटा घडाघडा बोलायला लागला आहे. सासूबाईंना नमस्कार, मामंजींचे आभार, गिअरबॉक्स चांगला चालला.

"बघ," मामंजी म्हणाले. "सगळं बरं झालं शेवटी."

मी मान हलवली. एक ओळ मी वाचून दाखवली नव्हती. ती लिहिते, "त्या दिवशी तुझ्या तोंडाकडे बघून मला वाटलं होतं, तू अजून काहीतरी बोलशील."

उत्तर लिहायला मला बरेच दिवस लागले. आमची मुलगी झोपली की एकेक ओळ लिहायची. मामंजींची तब्येत, सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन, आमच्या मुलीला आलेले दात, गॅरेजवर नवीन पत्रा टाकला ते. दोन पानं झाली. त्या ओळीचं उत्तर त्यात नव्हतं. शेवटी सगळ्यात खाली, सही केल्यावर, मी लिहिलं, "मलाही तसंच वाटलं होतं." पाकीट चिकटवून ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं, जाता जाता टाकतो म्हणाले. टाकलं असेल.