मावसांनी हलका केलेला गिअर

जगातली कुठलीही वस्तू कारखान्यात पूर्ण होत नाही. तिथे ती अर्धीच बनते आणि उरलेली अर्धी सुरतेच्या गोडादऱ्यात आमचे मावसा बनवतात, असं निदान मावसांचं ठाम मत आहे. माझ्या मावशीचे हे यजमान धुळ्याकडून सुरतेला आले, जन्मभर कापडाचे लूम दुरुस्त केले, आणि रिटायर झाल्यावर घराच्या मागे लागले. त्यांच्याकडचा पंखा खाटेला बांधलेल्या दोरीने चालतो आणि शिवणयंत्र उभ्याने चालवावं लागतं. आत कोणी आहे हे कळावं म्हणून संडासाच्या कडीला त्यांनी लाल पट्टी बसवली. ती उलटी बसल्यामुळे आत कोणी नसतानाच लाल दिसते. घरच्यांना सवय झाली आहे, पाहुण्यांचे मात्र हाल होतात. "कंपनीने बनवलंय ते चांगलंच आहे की," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "माय, ज्यानी बनाडं त्याले वापरनं पडत नई. आपले पडस!"

पण मशीनमध्ये हात घालण्याआधी तिची चावी, चावी नसेल तर फ्यूज, मावशीच्या पदराच्या गाठीत जातो, आणि मगच मावसा पाना उचलतात. कोणीतरी न बघता बटण दाबलं आणि एका कारागिराचा हात गेला, हे त्यांनी लूमवर डोळ्यांनी पाहिलंय. "तिन्हा पदरनी गाठ सोडानी कोनमा हिंमत शे?" असं ते विचारतात. अजून कोणी पुढे आलेलं नाही.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, तीही मेकॅनिकलची. हे मी संधी मिळेल तिथे सांगते, इथेही सांगितलं. हजीऱ्याच्या बाजूला खाडीची खोली मोजायचं आमचं काम चालतं, त्यासाठी भाड्याची बोट आहे, आणि ती चालवतात रमणभाई. या बोटीचं इंजिन मागच्या बाजूला आत, पंखा बाहेर पाण्यात, आणि चालवणाऱ्याच्या हाताशी एक दांडा: पुढे ढकलला की बोट पुढे, ओढला की मागे, मधल्या खाचेत ठेवला की इंजिन चालू पण बोट उभी. हा दांडा एवढा जड झाला होता की रमणभाईंचा खांदा गेला. धक्क्याला लागताना गिअर वेळेवर पडेना. आमच्या मॅनेजरने सांगून टाकलं, सोमवारी मी बघतो, जमत नसेल तर दुसरा माणूस. मी हे मावशीच्या घरी जेवताना बोलले, ही माझी चूक. रविवारी सकाळी मावसा हत्यारांची पिशवी आणि मावशी घेऊन धक्क्यावर हजर. बोटीच्या मालकाने, फुकटात होतंय म्हणून, लगेच हो म्हटलं.

"आते माले बोटमा बसाडतस का?" मावशी कुरकुरली, पण चावी पदरात बांधून, डबा मांडीवर घेऊन बसली. मावसांनी दांड्याखालची पेटी उघडली, आतली खाचांची पट्टी काढली आणि कानस चालवली. कशी चालवली ते मी पाहिलं नाही, मी बोट दोन दोरांनी धक्क्याला बांधत होते. "बांधी का ऱ्हायनी, इंजिनेर बाई? पळी जाई का?" असा मावसांचा टोमणाही ऐकून घेतला.

मावशीने गाठ सोडली, रमणभाईंनी इंजिन सुरू केलं. दांडा पुढे गेला, आधीपेक्षा हलका, तरी जोर लावूनच. मध्ये आणायला त्यांनी तो ओढला, तर तो मध्ये थांबलाच नाही, सरळ मागच्या गिअरमध्ये! बोटीने मागे उडी घेतली, दोर ताणले, आणि मावशी डब्यासकट फळीवरून खाली. "बंद करा ना वो!" ती ओरडली. रमणभाईंनी चावी फिरवली.

मावसांनी मधली खाचच घासून टाकली होती. लूमच्या दांड्याला चालू आणि बंद एवढंच असतं; मधल्या खाचेत दांडा उगाच अडकतो, असं त्यांना वाटलं.

डब्यातली भाकरी खाऊन त्यांनी हात धुतले. मग म्हणाले, "मन्ही चूक व्हयनी, माय. आते तू सांग."

मी दांड्यापासून इंजिनापर्यंत जाणारी केबल सोडून दांडा हलवायला सांगितला. दांडा एकदम हलका, म्हणजे जड होती ती केबल, खारं पाणी शिरून आतून गंजलेली. संध्याकाळपर्यंत नवी केबल आली. मावसांनी खाचांची पट्टी पहिल्यासारखी कापून आणली आणि दांड्याला लांब लाकडी मूठ बसवली. दांडा गिअरमध्ये ठेवून मी चावी फिरवायला लावली. इंजिन फक्त मधल्या खाचेत सुरू व्हायला हवं; गिअरमध्ये ते सुरू झालं नाही, तेव्हाच मी हो म्हटलं.

सोमवारी मॅनेजरसमोर रमणभाईंनी दोन बोटांनी गिअर टाकला. "माखण जेवुं छे, साहेब!" म्हणजे, अगदी लोण्यासारखा. मॅनेजर सरळ चहाला गेला. आमच्याकडे याला पसंती म्हणतात.

पुढच्या रविवारी रमणभाईंनी मावसांना आणि मला खाडीत फिरवायला नेलं आणि मोकळ्या पाण्यात दांडा त्यांच्या हातात दिला. मावसांनी बोट थोडी पुढे नेली, मग दांडा सावकाश मध्ये आणला. खट्कन बसला. इंजिन गुरगुरत होतं, बोट तशीच डुलत उभी.

"मशीन चालू, आन कपडा निंघत नई," ते हळूच म्हणाले. "आसं उभं ऱ्हाता येस, हाई माले कोनी सांगंच नई."

परत निघायचं का, म्हणून रमणभाईंनी माझ्याकडे पाहिलं. घाई कोणालाच नव्हती.