हिरामावशीने मारलेली हाक

हिरामावशी गेली तेव्हा मी डहाणूच्या बाजारात भाजी घेत होते. तिची सून वनिता फोनवर एवढंच म्हणाली, "सुनंदाताई, आई गेल्या... झोपेतच." खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही. भीती वाटली. उद्या सकाळी रेडिओवर कोण बोलणार, ही एक भीती. आणि दुसरी अशी, की तिला जे सांगायचं राहिलं होतं ते आता कधीच सांगता येणार नाही. या गोष्टीला दीड महिना झाला.

आमचं रेडिओ केंद्र म्हणजे चिकूच्या जुन्या गोदामावरच्या दोन खोल्या. एकीत यंत्रं, दुसरीत एक टेबल, दोन माईक आणि भिंतींना चिकटवलेला स्पंज. आवाज तलासरीच्या अलीकडच्या पाड्यांपर्यंत जेमतेम पोचायचा. सुरुवातीला आम्ही सिनेमाचीच गाणी लावायचो. एक दिवस आगर गावची एक मासळीवाली टोपली जिन्याखाली ठेवून वर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या रेडिओवर आमच्या लग्नातलं एक गाणं लागत नाही. आम्ही काय मुक्या आहोत?" केंद्रप्रमुखांनी तिलाच माईकसमोर बसवलं. तीच हिरामावशी. त्यानंतर सकाळचा कार्यक्रम कायमचा तिचा झाला. ती बोलायची, गायची; मी शेजारी बसून बटणं सांभाळायची. कैनाडच्या शेतांत बायांची भाताच्या आवणीची गाणी आम्ही गुडघाभर चिखलात उभ्या राहून रेकॉर्ड केली. गुजरातच्या सीमेवरच्या वेवजीची एक आजी अर्धी ओळ मराठीत आणि अर्धी गुजरातीत गायची. मावशी तिला म्हणाली, "हद्द कुठे लागते ते तुझ्या गाण्याला अजून कळलं नाही गं!" आणि दोघी पोट धरून हसल्या.

मग भूकंपाचे धक्के सुरू झाले. जमिनीखालून आधी गुरगुर यायची, मग मांडणीवरची भांडी वाजायची. कधी आठवडाभर काही नाही, कधी एका दिवसात तीनदा. पूर्वेकडच्या पाड्यांवर घरांना तडे गेले. लोक अंगणात ताडपत्री बांधून राहू लागले. मला त्या स्पंजच्या खोलीची धास्ती बसली. बाहेरचं काही ऐकू यायचं नाही, त्यामुळे टेबल हलेपर्यंत कळायचं नाही. खुर्चीवर बसण्याआधी मी दारापर्यंतची पावलं मोजायची... चार. मावशी म्हणायची, "बोटीत बसलोय असं समज." पण तसं म्हणताना तिची बोटं टेबलाची कड घट्ट धरून असायची.

सगळ्यात मोठा धक्का बसला त्या सकाळी केंद्रात आम्ही दोघीच होतो. मावशी बोलत असतानाच टेबल हललं, ट्यूबलाइट झुलली, छताची माती तिच्या कागदांवर पडली. पुढचं मला पायऱ्यांवरचंच आठवतं. मी धावत खाली अंगणात आले. गोदामाच्या राखणदाराचा रेडिओ चालू होता आणि त्यातून मावशीचा आवाज येत होता. "बायांनो, पोरांना घेऊन बाहेर या. गॅस बंद करा. मी इथेच आहे." मग ती गाऊ लागली. हळदीच्या गाण्याची एकच ओळ, पुन्हा पुन्हा. पुढची तिला आठवत नसावी. वर जायला हवं होतं. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून लोक तिला शूर म्हणू लागले. पाड्यांवरच्या बाया तिला बघायला यायच्या. ती हसून विषय बदलायची. एकदा चहा पिताना आपणहून म्हणाली, "कसली शूर गं! माझे पायच उचलले नाहीत. तू निघालीस तेव्हा माईकवर हात ठेवून तुला हाक मारली. पण हळू मारली... तुला कशी ऐकू येणार!"

मला ऐकू आली होती. "सुनी, थांब गं," असंच म्हणाली होती ती. मी दारात क्षणभर थबकले होते आणि तरीही गेले होते. त्या दिवशी चहाचा कप हातात धरून मी नुसती मान हलवली. नंतर किती सकाळी तिच्या शेजारी बसले, रोज ठरवायची की आज सांगू. तिला कळलं तर ती माझ्याशेजारी बसेल का, या भीतीने तोंड उघडलं नाही.

तेराव्याला आगरला गेले, तेव्हा मागच्या पडवीत वनिताला सगळं सांगून टाकलं. ती सुकट निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "आईंना माहीत होतं ताई. तुम्ही दारात थांबलात ते त्यांनी बघितलं होतं. म्हणायच्या, सुनीची लेक लहान आहे, घरी एकट्या म्हाताऱ्या आजीजवळ होती, तिच्या ओढीने धावली बिचारी. कोणापाशी बोलू नकोस."

मीही मूठभर सुकट पुढ्यात ओढली. पण दारातून धावले त्या क्षणी मला माझी लेक आठवलीच नव्हती. फक्त छत दिसत होतं.

आता सकाळचा कार्यक्रम मी करते. मावशी बसायची ती दारापासून लांबची खुर्ची आहे. पहिल्या दिवशी ती दाराजवळ ओढून घ्यावी असं फार वाटलं. खुर्चीच्या पाठीला हात लावूनही उभी राहिले... मग ती होती तिथेच ठेवली आणि बसले.