तीन लुगडी आणि एक समुद्र

दोरीवरून नुकत्याच काढलेल्या सुती लुगड्याचा वास तुम्ही कधी छातीभरून घेतला आहे का? साबणाचा थोडा, वाऱ्याचा थोडा आणि उरलेला सगळा उन्हाचा! बेंबळीच्या आमच्या परसात भर दुपारी तो दरवळतो तेव्हा जगातल्या साऱ्या अत्तरवाल्यांनी आपापल्या कुप्या उपड्या करून घरी जावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. हाच वास मी एकदा भर समुद्रात घेतला. जमीन कुठल्या दिशेला आहे हे माशांनाही ठाऊक नसावं, अशा ठिकाणी. माझ्या सांगण्यातलं निम्मं वजा करण्याची आमच्या गावाला सवय आहे. तुम्हीही खुशाल करा. उरलेलं निम्मंसुद्धा दोघांना पुरून उरेल.

आमची लेक सीमा एका अवाढव्य प्रवासी जहाजावर अभियंता आहे. अवाढव्य म्हणजे किती? आमची आख्खी बेंबळी, बाजारासकट, एका मजल्यावर बसवली तरी वर गुरं बांधायला जागा उरेल! तिच्या पुढल्या तीन वर्षांच्या नेमणुकीचा कागद आला, तेव्हा ती फोनवर म्हणाली, "आई हो म्हणाली तरच सही करीन." आणि आमची मंडळी, म्हणजे आमच्या सौभाग्यवती कमलबाई, जन्म भूम तालुक्यातल्या कोरड्या रानातला, शांतपणे म्हणाल्या, "आधी बघते, मग सांगते. आईनं न बघता कसं सांगावं?" सीमानं परवानग्या काढल्या आणि एकवीस दिवसांच्या त्या सफरीवर आम्ही दोघं निघालो. लेकीचं समुद्रावर राहणं की घरी परतणं, याचा निकाल कमलबाईंच्या ओठांत होता, आणि त्या ओठांपुढं बोहल्यावरचा अंतरपाट धरलेला होता.

आता सामानाचं ऐका. मी निवृत्त शिक्षक; पूर्वतयारीवर माझी अढळ श्रद्धा. अकरा सदरे, सात धोतरं, तीन कोट, दोन घोंगड्या, इस्त्री आणि तांब्याचा तांब्या. येडशीच्या स्टेशनावर माझी बॅग पाहून चार हमाल पुढं आले, तिला एकवार प्रदक्षिणा घातली आणि चौघंही चहाला निघून गेले. कमलबाईंच्या हातात मात्र बाजारच्या पिशवीएवढी एक पिशवी. तीन सुती लुगडी, त्यातलं एक अंगावर. सुतळीचा गुंडा, साबणाची वडी. आणि तळाशी कागदात गुंडाळलेली एक नवीकोरी हिरवी इरकल. "ही कशाला?" मी विचारलं. "असू द्या," एवढंच उत्तर आलं. परंतु मी ओळखलं. तुळजापूरच्या एका स्थळाकडून विचारणा आली होती. लेकीला परत आणायचं आणि हे लुगडं नेसवून पाहुण्यांपुढं बसवायचं, असा तो बेत होता. इतक्या हलक्या पिशवीत इतकी जड वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

जहाजावर चढतानाच आगीच्या भयानं माझी इस्त्री काढून घेण्यात आली. पहिल्याच आठवड्यात मी माझं धोतर तिथल्या धुलाईखान्यात दिलं, तर ते एवढी खळ पिऊन परतलं की कोपऱ्यात आपल्या पायांवर उभं राहिलं, आणि खोली आवरायला आलेल्या माणसानं त्याला वाकून नमस्कार केला! इकडे कमलबाईंचं तंत्र पाहावं. न्हाणीतल्या लहानशा कुंडीत लुगडं धुवायचं, कोरड्या पंच्यात गुंडाळायचं आणि त्यावर पायानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. सारं पाणी पंचा पिऊन टाकी. बाहेर कठड्यावर वाळत घालायला बंदी, म्हणून खिडकीच्या काचेशी, ऊन पडेल तशी सुतळी सरकवीत जायची. सुरकुत्या घालवायला माझ्याच तांब्यात चहाचं उकळतं पाणी भरून तो कापडावरून फिरवायचा. "एवढं इस्त्रीचं वझं वाहून आणलं मास्तर, आन् इस्त्री व्हती तुमच्या तांब्यात!" असं ती हसून म्हणाली, तेव्हा माझी चाळीस वर्षांची मास्तरकी त्या तांब्यात बुडाली. जिला कशाचीच वाण पडत नाही ती श्रीमंती, की जिला कशाचीच गरज पडत नाही ती? मी माझे अकरा सदरे पुन्हा एकदा मोजले.

आता या थोर स्त्रीची एक खोड. भूमकडच्या रानात एका बादलीत सगळ्या घराचे कपडे निघत. आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी. आणि शेवटच्या विसळणीचं पाणी झाडाला. ते वाया ओतलेलं तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. चहूकडे अथांग पाणी असताना तिचा हात त्या ओंजळभर पाण्यापाशी अडे. मग तिनं उपाय शोधला. खोलीत बर्फासाठी ठेवलेलं चकचकीत भांडं घ्यायचं, त्यात शेवटचं पाणी भरायचं आणि बाहेरच्या लांबलचक वाटेवर कुंडीत उभ्या असलेल्या माडाच्या रोपट्याला घालायचं. रोज सकाळी, डोक्यावर पदर घेऊन. "बिचारं लई सुकलंय," ती म्हणे. आणि मी देवाशपथ सांगतो, त्या माडाला चौथ्या दिवशी नवं पान फुटलेलं मी पाहिलं!

सातव्या दिवशी सकाळी त्या वाटेवर धावपळ उडाली. गालिचा ओला झाला होता. जहाजात पाणी दिसणं म्हणजे केवढी आपत्ती! दोन धिप्पाड गडी छताच्या फळ्या उतरवीत होते, आणि त्यांच्या मध्ये, निळ्या कामाच्या पोशाखात, हातावर वंगण, कानामागं पेन्सिल, उभी होती आमची सीमा. ती बोट दाखवी तिकडे ते पहाडासारखे गडी पळत. आम्ही तिला असं कधीच पाहिलं नव्हतं. तेवढ्यात कमलबाई हातात भरलेलं भांडं घेऊन तिच्या पुढ्यात येऊन ठेपल्या.

सीमानं भांड्याकडं पाहिलं. कुंडीकडं पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "आई, अगं हे झाड प्लास्टिकचंय!"

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय? सात दिस पाजलंय म्या त्याला!"

ते धिप्पाड गडी, भाषा कळत नसतानाही, भिंतीला टेकून हसले. सीमाचा चेहरा आधी लाजेनं लाल झाला आणि मग तीही हसली. कमलबाई मात्र भांडं घट्ट धरून तशाच. "पर हे पानी टाकू कुठं? चांगलं हाय की."

"आई, न्हाणीत ओत. वाया जाऊ देत न्हाय आम्ही, गाळून पुन्हा कामाला लावतो," सीमा हळू आवाजात म्हणाली. "इथलं प्यायचं, धुवायचं पाणी समुद्रातनं काढावं लागतं. खारं घ्यायचं, गोडं करायचं. त्या यंत्राचं काम माझ्याकडंच आहे. तू लुगडी धुतेस ना, ते पाणी मी केलेलं."

 कमलबाईंनी बोटं त्या भांड्यात बुडवली, जिभेला लावली. साबणाचं पाणी, पण त्यांनी ते असं चाखलं की तीर्थ घ्यावं! भूमकडच्या रानात हंड्यापाठी हंडा चालत गेलेलं सारं बालपण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत उभं राहिलेलं मी पाहिलं. यातलं काही वजा करू नका.

उरलेले चौदा दिवस निकालाचा एक शब्दही नाही. सीमा येता-जाता आईच्या तोंडाकडे पाही, मी सीमाच्या. उतरायच्या सकाळी कमलबाईंनी पिशवी आवरली, कागदातली इरकल काढली आणि सीमाच्या हातात ठेवली. वर सुतळीचा गुंडा.

"कर सही. आन् हे सणासुदीला हितंच नेसत जा. धुतलंस तर दोरी हाय."

"आणि ते तुळजापूरचं...?" मी न राहवून विचारलं.

"त्यास्नी सांगा, पोरगी पानी करायला गेलीया."

माझी बॅग जाताना होती तेवढीच जड परत आली. काढून घेतलेली इस्त्रीसुद्धा उतरताना परत मिळाली. कमलबाईंची पिशवी एका लुगड्यानं आणि एका दोरीनं हलकी झाली होती.

आता परसात नवी दोरी आहे. दुपारी तिच्यावर दोन लुगडी वाळत असतात, त्यांचा तोच वास येतो, आणि शेवटच्या विसळणीचं पाणी शेवग्याला जातं, खऱ्याखुऱ्या. दोन लुगड्यांच्या मध्ये एका लुगड्याएवढी जागा मात्र मोकळी सोडलेली असते. परवा मी तिथं माझं धोतर टाकलं. कमलबाईंनी ते उचललं, कडेला टाकलं, आणि ती जागा पुन्हा वाऱ्याला मोकळी करून दिली.