बंदुकीचं औक्षण

माझ्या नवऱ्यानं माझ्यावर बंदूक कधी चालवली नाय. हे आधीच सांगून टाकते, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. आवाज झाला नाय, रक्त निघालं नाय, म्हणजे लोकांच्या लेखी काही घडलंच नाय. आमच्या घरी नुसती साफसफाई चालायची. त्याचं डोकं फिरलं की आधी मला मारायचा, मग कपाटातून बाराबोर काढून ओसरीवर बसायचा. बंदूक मांडीवर आडवी, हातात तेलाचं फडकं, आणि नळीचं तोंड चुलीकडं. चुलीपाशी मी भाकरी थापत असायची. आमचं गाव कन्नड तालुक्यात, तिकडं शेतात रानडुकरं लई, म्हणून सासऱ्यांच्या वेळेपासून घरात परवाना होता. त्या बंदुकीनं डुकरं किती मेली ते देवालाच ठाऊक.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. लोकांना निवडणुकीतल्या सभा आठवतात, मला झोप आठवते. तेवढे दिवस मी गाढ झोपायची. अशाच एका निवडणुकीत मनाशी म्हटलं, बंदूक घरी यायच्या आत आपण निघावं. लेकीला घेतलं आणि शहरात आले, गारखेड्याच्या मठात.

मठावर माझा जीव होता. तिथले महाराज दर गुरुवारी भर सत्संगात म्हणायचे, ‘जो बायकोवर हात उचलतो, त्याच्या हातचं फूल देव घेत नाही.’ असं बोलणारा बुवा मी दुसरा पाहिला नव्हता. मार खाऊन आलेल्या बायांसाठी मठात एक खोली होती. ती बघायला एक ताई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला डॉक्टरकडं नेलं, लेकीला दूध दिलं, रात्री माझ्याशेजारी झोपल्या. सख्खी बहीण करणार नाय एवढं त्यांनी केलं. हे आजही मी नाकारत नाय, आणि म्हणूनच जास्त लागतं.

पोलिसांत तक्रार द्यायला आम्ही निघणार, तोच महाराजांचा निरोप आला, ‘थांबा, मी बोलतो.’ नवऱ्याला मठात बोलावून घेतलं. देवापुढं त्यानं बेलभंडारा उचलला : हात उगारणार नाय, आणि बंदूक ठाण्यातच राहील, उंबऱ्याच्या आत येणार नाय. महाराज मला म्हणाले, ‘माई, हा शब्द आता त्याचा नाही, माझा आहे.’ तक्रार तिथंच राहिली. पुढच्या गुरुवारी त्यांनी मला माइकवर उभं केलं आणि मी घडलेलं सगळं सांगितलं, मारापासून महाराजांनी दिलेल्या शब्दापर्यंत. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मग मी नांदायला गेले.

पुढचे काही महिने बरे गेले, खोटं कशाला बोलू. खंडेनवमीला महाराज आमच्या घरी शस्त्रपूजेला येणार म्हणून मी हौसेनं पुरण घातलं. सकाळी नवरा जीपमधून उतरला तो सतरंजीत गुंडाळलेली बंदूक घेऊन. पाटावर विळा, कोयता, कुऱ्हाड मांडली होती, त्यांच्या मधोमध ठेवली. पण मी तोंड उघडलं नाय. म्हटलं, येऊ दे महाराजांना. ते बघतील तेव्हा ह्याची काय गत करतात ते बघतेच.

महाराज आले, ताईही सोबत होत्या. महाराजांनी पाटाकडं बघितलं, वाकले आणि बंदुकीला स्वतःच्या बोटानं कुंकू लावलं. मला म्हणाले, ‘माई, तबक आण. घरच्या लक्ष्मीनं ओवाळलं पाहिजे.’

मी म्हटलं, ‘महाराज, बेलभंडारा उचलला होता.’

‘अगं, शपथ रागाची होती. लोखंडाला कसली शपथ? खंडेनवमीला हत्यार घरात नको? मीच म्हटलं ह्याला, सोडवून आण.’

जमलेली माणसं हसली. मी ताईंकडं बघितलं. त्या फुलं निवडत बसल्या होत्या, मान खाली. त्यांना आधीपासून माहीत होतं.

कुंपणानंच शेत खाल्लं. नवऱ्यानं फसवलं असं मी म्हणत नाय, त्याच्यावर माझा भरवसा होता कधी? केसानं गळा कापला तो महाराजांनी आणि ताईंनी. ज्या नळीसमोर मी एवढी वर्षं भाकरी थापली, तिला ओवाळायला माझ्याच हातात तबक. पेटत्या निरांजनासकट तबक मी खाली ठेवलं, लेकीचा हात धरला आणि भर माणसांतून चालत रस्त्यावर आले. प्रवासी जीपनं कन्नड, तिथून एसटी.

या वेळी मठात गेले नाय. ठाण्यात गेले, तक्रार दिली, बंदूक काढून घ्या असा अर्ज दिला. गारखेड्यातच एक खोली भाड्यानं घेतली, पाळणाघरात काम धरलं. देवाला दिवा अजून लावते. देवानं माझं काय बिघडवलंय?

काही दिवसांनी ताई प्रसाद घेऊन आल्या. मला वाटलं, चुकलं म्हणतील. मी चहा ठेवला.

त्या म्हणाल्या, ‘पोरी, महाराजांनी सांगितलंय, गुरुवारी ये आणि माइकवर दोन शब्द बोल. झालं गेलं मिटलं म्हण. मागं माइकवर तुझं ऐकून खोलीतल्या दोघीजणी नांदायला परत गेल्यात गं. आता त्यांच्या मनात शंका यायला लागलीय.’

‘त्यांच्या घरी बंदूक आहे का?’ मी विचारलं.

‘ते कुणी विचारलं नाही.’

मी गॅस बंद केला, पायात चप्पल घातली. म्हटलं, ‘उठा ताई. मला आधी त्या दोघींची घरं दाखवा.’

ताई जागच्या हलल्या नायत.