बायडाबाईचे मागूर

मे महिन्यात गावतळं आटलं आणि गाळ उपसायला जेसीबी आला, तेव्हा बायडाबाई उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथं अजून ओल होती, तिथं चिखलात जाऊन बसली. भोयाची ही सून पस्तीस वर्षांपूर्वी पाथर्डीकडच्या या गावात आली. जाळं टाकायला तिला नवऱ्यानं, भिमाजीनं शिकवलं. चिखलातले मागूर मासे शोधायला सासूनं. भिमाजी गेल्यावर तळ्यावर ती एकटीच उरली.

"उठा मावशी," जेसीबीवाला छगन म्हणाला. "मागं सात ट्रॅक्टर उभे हायेत."

"हितं मागूर हायेत."

"वाळल्या तळ्यात? मग बाभळीलाबी बोंबील लागले असतील." ट्रॅक्टरवाले हसले.

सरपंच गहिनीनाथ आले. माणूस भला. "काकू, धरा न् सोडा माझ्या शेततळ्यात. बारमाही पानी हाय."

"तुमच्या तळ्याला खाली प्लास्टिक हाय, भाऊ. त्यात जगतील, पन वाढनार न्हाईत."

मग तिनं सांगितलं. मागूर वर येऊन हवा घेतो, म्हणून पाणी गेलं तरी ओल्या गाळात तग धरतो. पण अंडी घालायला त्याला मातीतच खळगा लागतो. "मादी अंडी टाकून जाती. बाप राखत बसतो. प्लास्टिकात तो काय उकरनार?"

"आधी मासा तर दावा," छगन म्हणाला.

बायडाबाई उठली. अनवाणी पायानं चिखल चाचपत हिंडली. तळव्याखाली पोकळ लागलं तिथं बसून तिनं कोपरापर्यंत हात घातला. डोक्यामागून धरायचं असतं, पण पकड निसटली आणि माशाच्या पराचा विषारी काटा तळहातात घुसला. खांद्यापर्यंत आग उसळली. तिनं हात मागं घेतला नाही.

निघाला तो वीतभर लांब, काळा, बिनखवल्यांचा. आठही मिशा हलत होत्या. तिनं त्याला चिखलावर ठेवलं, तसा तो काट्यांवर रेटा देत ओलीकडं सरकू लागला. छगन दोन पावलं मागं झाला.

"अजून किती हायेत?" गहिनीनाथांनी विचारलं.

"मोजायला समदे काढले तर ऱ्हातील कोन?" डाव्या हातानं तिनं मासा बिळात सोडला.

छगननं फक्कीची पिशवी आणली आणि कोपऱ्याला पांढरी रेघ मारली; तिच्या आत खोदायचं नाही. बायडाबाई रेघेपाशी गेली, आत-बाहेर बघितलं.

"अजून दहा पावलं मागं घे."

"काकू, माझ्याच रानाच्या गाळाच्या चार खेपा कमी होतील," गहिनीनाथ म्हणाले.

"होतील."

गहिनीनाथ छगनला म्हणाले, "घे मागं."

छगननं पायानं पहिली रेघ पुसली, दुसरी मारली. बायडाबाईचा हात एव्हाना मनगटापर्यंत सुजला होता.

"दवाखान्यात चला, गाडी काढतो," गहिनीनाथ म्हणाले.

"जेसीबीचा पहिला खड्डा कुठं पडतोय ते बघू द्या," बायडाबाई म्हणाली आणि रेघेवरच बसली.